बर्फाखालचं ऊन

काजव्याने खडकाला टेकल्याची खूण दिली आणि तंबूतल्या गप्पा थांबल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. अंटार्क्टिकातला डिसेंबर. सूर्य क्षितिजाच्या कडेकडेने नुसता फेऱ्या घालत होता, मावळायचं नाव घेत नव्हता. तंबूत मात्र काळी कनात लावून अंधार केलेला होता. त्या अंधारात डॉ. शलाका मोंडकर पडद्यासमोर बसली होती. तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून तिचे वरिष्ठ, हेडाऊसर, उभे होते. त्यांच्या पायांखाली तीनशे मीटर बर्फ होता. त्या बर्फाला कढत पाण्याच्या धारेने पाडलेलं भोक, भोकाच्या तळाशी खडक आणि खडकाला चिकटून बसलेलं ते यंत्र.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. ते कोणालाच धड म्हणता येत नसे. पण खडक वाचताना त्यातून निळसर, मिणमिणता उजेड उमटायचा, म्हणून पहिल्याच मोसमात त्याचं नाव काजवा पडलं आणि तेच राहिलं.

"पाय बरं, चढून राहिली रेघ," हेडाऊसर पुटपुटले. नागपूर सोडून त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण आनंद झाला की त्यांची जीभ तिथल्या महाल भागातल्या घरी जायची.

पडद्यावरची निळी रेघ चढली, थबकली आणि आडवी झाली. शलाकाने आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"सर, या खडकाने शेवटचं ऊन बघितलं त्याला छत्तीसशे वर्षं झाली."

"आणि किती वर्षं ऊन खाल्लं त्यानं?"

ते कळायला आणखी थोडा वेळ लागला. काजवा खडकात केसभर आत जाऊन थर मोजत होता. तंबूच्या कापडावर वारा थापा मारत होता. शेवटी दुसरा आकडा आला.

"बावीसशे वर्षं."

हेडाऊसर तंबूबाहेर गेले. शलाका त्यांच्या मागोमाग आली. समोर, दोन्ही डोळ्यांत मावणार नाही एवढी रुंद, निळी-पांढरी हिमनदी पसरली होती. या भागात दोन हिमनद्या शेजारी शेजारी समुद्राला मिळतात. मोहिमेतल्या लोकांनी मोठीला थोरली आणि लहानीला धाकटी म्हणायला सुरुवात केली होती. हे सगळे थोरलीच्या डाव्या कुशीवर उभे होते.

"इथं खाली दगडावर बावीसशे वर्षं ऊन पडत होतं," हेडाऊसर म्हणाले. "म्हणजे ही बाई इथं नव्हतीच. आत कुठंतरी निघून गेली होती. आणि मग परत आली. शलाका, ही परत आली!"

चौसष्ट वर्षांच्या त्या माणसाने वीस वर्षं खपून ते यंत्र घडवलं होतं. त्यांचे डोळे आता भरून आले होते. थंडीने पापण्यांवर पाणी गोठू नये म्हणून ते भराभर पुसत होते.

*

काजव्याचं तत्त्व तसं सोपं आहे. वाळूचा कण किंवा खडकाचा पृष्ठभाग अंधारात गाडला गेला, की भोवतालच्या मातीदगडातल्या अत्यल्प किरणोत्सर्गाने त्याच्या आत इलेक्ट्रॉन अडकत जातात. जेवढा काळ अंधारात, तेवढे अधिक अडकलेले इलेक्ट्रॉन. ऊन लागलं की ते सगळे सुटतात आणि हिशेब पुन्हा शून्यावर येतो. त्या कणावर प्रयोगशाळेत विशिष्ट रंगाचा उजेड टाकला, तर सुटणारे इलेक्ट्रॉन एक क्षीण निळी चमक देतात. चमक जितकी जास्त, तितकं शेवटचं ऊन जुनं. ही गोष्ट शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक होती. ऊन खडकात हळूहळू खोल मुरतं, त्यामुळे ते किती खोल गेलंय यावरून खडक किती वर्षं उघड्यावर होता तेही कळतं. अडचण एकच होती. बर्फाखालचा खडक वर आणायचा तर वाटेत त्याला उजेड लागायचा आणि सगळी नोंद पुसली जायची. हेडाऊसरांनी खडक वर आणला नाही. त्यांनी प्रयोगशाळाच खाली नेली.

त्या मोसमात त्यांनी थोरलीच्या कुशीवर आणखी एक भोक पाडलं. तिथलं उत्तरही जुळलं आणि थोरलीची कथा आकाराला आली.

शेवटच्या हिमयुगात ती आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी पुढे, समुद्राच्या तळावर बसलेली होती. मग जग तापलं, समुद्र चढला आणि ती हजारो वर्षं पायरी पायरी मागे सरकत राहिली. सुमारे अठ्ठावन्नशे वर्षांपूर्वी ती आजच्याहूनही मागे गेली. तिथून पुढे जे घडलं ते शलाकाला सगळ्यात विलक्षण वाटायचं. एवढ्या बर्फाच्या भाराखाली जमीन दबलेली असते. गादीवरून माणूस उठल्यावर गादी सावकाश वर येते, तशी थोरली उठून गेल्यावर तिथली जमीन वर येऊ लागली. वर्षाला बोटभर. समुद्राच्या तळातला खडकाचा उंचवटा वर येत येत पुन्हा बर्फाच्या पोटाला लागला. थोरलीला टेकायला जागा मिळाली. आतल्या पठारावर पडलेलं हिम तर मागून येतच होतं. ती टेकली, थांबली, जाड झाली आणि शतकांमागून शतकं पुढे सरकत पुन्हा आपल्या जागी आली. आज ती ज्या उंचवट्यावर टेकून उभी आहे, तो तिच्याच जाण्याने वर आला होता.

"आपण हिला नुसतं वितळणारं भांडं समजत होतो," शलाका एकदा जेवताना म्हणाली. "ही तर स्वतःची पायरी स्वतः घडवते."

बातमी बाहेर गेली. एका मराठी वाहिनीने उपग्रहावरून मुलाखत घेतली. वेळ कमी होता. निवेदिका म्हणाली, "मॅडम, आमच्या प्रेक्षकांना एका वाक्यात सांगाल?" शलाका आनंदात होती. ती म्हणाली, "ही हिमनदी एकदा मागे गेली होती आणि नंतर परत आली, तीही आपल्या पायांवर." तिला आणखी बरंच सांगायचं होतं, पण तेवढ्यात जाहिराती सुरू झाल्या.

*

चार दिवसांनी हर्षदचा फोन आला.

हर्षद तिचा धाकटा भाऊ, शिरवेळचा सरपंच. शिरवेळ म्हणजे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेली वाळूची एक लांब जीभ; तिकडे अशा वाळूच्या पट्ट्याला वेळ म्हणतात. तिच्यावर दीडशे घरं, माडांची बाग, होड्या आणि एक शाळा. गेली काही वर्षं मोठ्या उधाणाला दोन्हीकडचं पाणी रस्त्यावर येऊन एकमेकांना भेटायचं. सरकारने गावाला मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच पठारावर, घरं बांधून द्यायचं ठरवलं होतं. जायचं की राहायचं, हे मार्चच्या ग्रामसभेत ठरणार होतं. हर्षद जाण्याच्या विरोधात होता.

त्याचा विरोध नुसता हट्टाचा नव्हता. बारा वर्षं त्याने किनाऱ्यावर मर्यादवेल लावली होती. जांभळ्या फुलांची ती वेल वाळूवर पसरते, मुळांनी वाळू धरून ठेवते आणि वेलीत अडकून वाळूचे उंचवटे तयार होतात. लोक आधी हसले. मग एका चक्रीवादळात शेजारच्या दोन वाड्या वाहून गेल्या आणि शिरवेळ उभी राहिली, तेव्हा हसणारेच रोपं घेऊन आले.

"ताई, तू काय केलंस तुका म्हायत असा?" हर्षदचा आवाज उत्साहाने फुटत होता. "तू आमका वाचवलंस गो!"

"मी? मी काय केलं?"

"टीव्हीर सांगलंस मां, बर्फ परत येता म्हणान! मी तुझा फोटो मोठो करून तिठ्यार लावलंय. कुंपण घालून थोडी वर्सां कळ काढली की झाला. पाणी आपसूक मागे जातला."

"हर्षद, ती परत आली हे खरं आहे. पण तिला यायला बावीस शतकं लागली. बावीसशे वर्षं!"

"ह्या तू तेव्हा नाय सांगलंस," हर्षद म्हणाला. आवाजातला उत्साह गेला होता.

"सांगायला वेळ मिळाला नाही."

"मगे आता लोकांका काय सांगू? माझ्या बहिणीन अर्धाच सांगल्यान? तू थय बर्फार बसलंस, आमी हय पाण्यात रवतंव. माका गणित सांगू नको, ताई." आणि त्याने फोन ठेवला. आजवर त्याने तिचं बोलणं अर्धवट सोडून असा कधी फोन ठेवला नव्हता.

*

खरी भीती अजून पुढे होती.

जानेवारीत थोरलीच्या कुशीने आत आत जात त्यांनी आणखी भोकं पाडली. शेवटचं भोक पहिल्यापासून अकरा किलोमीटर आत होतं. तिथल्या खडकाने शेवटचं ऊन एकोणपन्नासशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं. म्हणजे परत येताना थोरलीने आधी ही जागा झाकली आणि पुढच्या टोकाला पोचायला तिला आणखी तेराशे वर्षं लागली. हे अपेक्षितच होतं. पण ऊन किती वर्षं पडलं तो आकडा मिळवल्यावर शलाकाने बेरीज दोनदा करून पाहिली. या खडकाने नऊशे वर्षं ऊन खाल्लं होतं. एकोणपन्नासशे आणि नऊशे, अठ्ठावन्नशे. पुढच्या टोकाचा खडक उघडा पडला तोही अठ्ठावन्नशे वर्षांपूर्वीच. मधल्या प्रत्येक भोकातून तेच उत्तर आलं होतं.

तिने हेडाऊसरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच आकडे पाहिले, मग खुर्ची ओढून बसले.

"परत येताना सावकाश आली," शलाका म्हणाली. "पण जाताना अकरा किलोमीटर एकदम गेली आहे सर. काजवा तीस-चाळीस वर्षं इकडेतिकडे चुकेल. तेवढं धरलं तरी फार तर एका माणसाचं आयुष्य."

"उंचवटा सुटला असेल," हेडाऊसर हळू म्हणाले. "त्याच्या मागे तळ आत उतरता आहे. एकदा पाय सुटला की मागे टेकायला काहीच नाही. घसरतच गेली असेल."

तेच आता पुन्हा घडू शकत होतं. रडारची ताजी मापं भिंतीवर लावलेली होती. थोरलीच्या पोटाखाली, त्याच उंचवट्यावर, कोमट पाणी शिरू लागलं होतं. एका बाजूने ती किंचित उचलली गेली होती. आणि थोरली एकटी नव्हती. तिच्यासारख्या कितीतरी हिमनद्या त्या किनाऱ्यावर अशाच एकेका उंचवट्यावर टेकून उभ्या होत्या.

यातली आणखी एक गोष्ट शलाकाला शिरवेळच्या दृष्टीने छळत होती. एवढा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो गेला की धरलेलं पाणी सुटतं आणि दूर निघून जातं. अंटार्क्टिकाजवळ समुद्र उलट खाली जातो आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, कोकणासारख्या किनाऱ्यांवर, सरासरीहून जास्त चढतो.

वरच्या कार्यालयाला त्यांनी निष्कर्ष कळवला. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांकडून तपासणी झाल्यावरच तो जाहीर करावा, असं उत्तर आलं. तपासणीला वर्ष लागणार होतं. उत्तर चुकीचं नव्हतं. शलाकाने स्वतः दुसऱ्या कोणाला हाच सल्ला दिला असता.

"ग्रामसभा मार्चमध्ये आहे," ती म्हणाली.

हेडाऊसरांनी दाढी कुरवाळली. "जाहीर करू नको म्हटलं त्यांनी. घरी जाऊन भावाशी बोलू नको असं तर नाही म्हटलं ना? काय पक्कं आहे, काय नाही, दोन्ही सांग. या खेपेला एका वाक्यात सांगू नको. आणि ते छोटं, हातात नेता येणारं यंत्र, धाकटा काजवा, घेऊन जा सोबत."

"तो कशाला?"

"अव, तुझा भाऊ वाळूचा माणूस आहे. त्याला बर्फाचे आकडे काहून सांगतेस? त्याच्या वाळूलाच विचार."

*

फेब्रुवारीच्या अखेरीला शलाका शिरवेळला पोचली. तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, तिचा फोटो अजून होता. हर्षदने दारात येऊन बॅग उचलली, "इलंस?" एवढंच म्हणाला आणि आत गेला. रश्मी, त्याची बायको, दोघांच्या तोंडांकडे पाहून म्हणाली, "भांडण काय ता जेवल्यार करा. बांगडे निवतत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका त्याला म्हणाली, "मला तुझ्या या वेळेवर, वाळूत, एक भोक पाडायचंय. येतोस?"

"कित्याक?"

"वाळूचं वय बघायला."

तो आला. कदाचित फक्त कुतूहलाने. मर्यादवेलीच्या मागे, जुन्या उंचवट्याच्या माथ्यावर त्यांनी काळा तंबू ठोकला आणि पाईप वाळूत उतरवला. वाळूत भोक पाडायची रीत हर्षदला माहीत होती. पाणी किती सोडायचं, पाईप कुठे हलवायचा हे तोच सांगू लागला आणि पहिल्या तासाभरात त्यांच्यातलं अवघडलेपण थोडं सैल झालं. दुपारी धाकटा काजवा तळाशी पोचला. तंबूच्या अंधारात दोघं शेजारी शेजारी बसले. पडद्यावर निळी रेघ चढू लागली.

"ह्यो उजेड खयचो?" हर्षदने विचारलं.

"त्या कणाने साठवलेला. शेवटचं ऊन त्याच्यावर पडलं, त्यानंतर तो अंधारात होता. तो अंधार आपण मोजतोय."

हर्षद पुढे झुकला. बारा वर्षं हातांत खेळवलेल्या वाळूला असं बोलताना तो पहिल्यांदा बघत होता. वरच्या थराची वाळू शंभर वर्षांची निघाली, त्याखालची सातशे, त्याखालची अठराशे. प्रत्येक आकड्याला तो स्वतःशीच मान हलवत होता. सगळ्यात तळाशी, जिथे वाळू संपून खाडीचा चिखल लागला, तिथे आकडा आला चौतीसशे.

"आणि त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली वेळ नाही. चिखल आहे आणि त्यात खोल पाण्यातले शिंपले."

"म्हंजे आदी हय जमीनच नाय होती?"

"नाही. समुद्र सड्याच्या पायथ्याला लागत होता. तिथल्या कातळाला अजून कालवांच्या खुणा आहेत, आपण लहानपणी बघायचो त्या." शलाका थांबली. तिला प्रत्येक शब्द जपून वापरायचा होता. "थोरली छत्तीसशे वर्षांपूर्वी आपल्या जागी परत आली. तिच्यासारख्या आणखी कितीतरी आल्या. त्यांनी पाणी बर्फात धरलं आणि समुद्र उतरला. समुद्र उतरायची कारणं दुसरीही होती, सगळं श्रेय मी तिला देत नाही. पण तिचा वाटा आहे. त्यानंतर दोनशे वर्षांत इथे वाळू साचायला लागली."

हर्षदने पडद्यावरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. बाहेर लाटा फुटत होत्या.

"म्हंजे ही जमीन," तो सावकाश म्हणाला, "बर्फान दिल्यान आमका."

"हो."

"आणि आता तोच ती परत मागतलो?"

शलाकाने मग सगळं सांगितलं. अकरा किलोमीटर, एक आयुष्य, उचललेलं पोट. काय पक्कं आहे ते सांगितलं आणि काय अजून तपासायचं आहे तेही सांगितलं. थोरली उद्या सुटेल की चाळीस वर्षांनी, हे आपल्याला माहीत नाही, असं स्पष्ट सांगितलं. "पण सुटली, तर तुझ्या लेकीच्या, मनवाच्या हयातीत ही वेळ पाण्याखाली जाईल. आणि ती परत येईल तेव्हा आपल्यातलं कोणी नसेल."

तो उठून तंबूबाहेर गेला. शलाकाला वाटलं, आता हा पुन्हा बोलणार नाही. ती कनात सारून बाहेर आली, तेव्हा तो वेलीच्या कडेला उकिडवा बसून एक फांदी उचलून बघत होता. गाठीगाठीला नवी मुळं फुटली होती.

"बारा वर्सां," तो म्हणाला. "आज एक गोष्ट सांगू, ताई? वेल रस्त्याच्या कडेपर्यंत येता आणि थांबता. पुढे रस्तो, कुंपणा, घरां. मी दर वर्सा बघतंय. समुद्र फुडून ढकलता आणि वाळूक मागे सरूक वाट नाय. म्हणान ती बारीक होत गेली."

"मग?"

"आमी उठलंव, तर वाळूक मागे सरूक जागा गावतली." तो उभा राहिला. "घरां जाऊ देत. रस्तो उकलू. वेळ सरकत सरकत सड्याच्या पायथ्याक लागतली. मगे सड्यार येणारो वारो, लाट, सगळा ती झेलतली. मी वेल लावूचा बंद करूचंय नाय. फक्त आता मागच्या अंगाक लावतलंय."

स्वतः वर येऊन बर्फाला टेकायला जागा करून देणारी जमीन तिने पुस्तकात आणि पडद्यावर पाहिली होती. आता तिचा भाऊ वाळूला जागा करून द्यायला निघाला होता, आणि ते तिने त्याला शिकवलं नव्हतं.

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. माणसं पायऱ्यांवर, होड्यांच्या काठांवर बसली होती. शलाकाला बोलायला बोलावलं. तिने सगळं सांगितलं, मुलाखतीत राहून गेलेलंही सांगितलं. मग हर्षद उठला.

"मी तुमका सांगलंय, बर्फ परत येता, खय जाव नको. मी चुकलंय."

मागून दत्ताराम तारी ओरडला, "काल हयच रवा म्हणा होतंस, आज जावा म्हणतंस! तुझो भरवसो कसो धरूचो?"

"धरू नको," हर्षद म्हणाला. "उद्या ये. मी तुका वाळू दाखवतंय. तूच बघ आणि तूच ठरव."

पुढचे आठ दिवस काळ्या तंबूपुढे रांग लागली. म्हाताऱ्या बाया, मासे विकून आलेल्या पोरी, होड्यांवरचे तरुण, जो तो अंधारात बसून ती निळी रेघ बघून जायचा. काही जण एकदा बघून निघून जात. काही दुसऱ्यांदा येत. दत्तारामने आपल्या अंगणातली वाळू तपासायला लावली. नऊशे वर्षं, असा आकडा आला तेव्हा तो म्हणाला, "नऊशे वर्सां सांभाळल्यान मां आमका? मगे तिका आता वाट सोडूक होयी."

दुसऱ्या सभेत गाव सड्यावर जायला तयार झालं. सगळे नाही. सात घरांनी नकार दिला आणि त्यातली दोन शेवटपर्यंत राहिली. हलायला सहा वर्षं लागली. विहिरींना कातळात पाणी लागेना, होड्या लांब पडल्या, भांडणं झाली. रश्मी एकदा फोनवर रडली की तिला समुद्राचा आवाज नसलेल्या घरात झोप येत नाही. दरम्यान तपासणी पूर्ण झाली आणि आकडे टिकले. हेडाऊसर निवृत्त झाले. जुना रस्ता उकलला गेला आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर मर्यादवेल त्याच्या पलीकडे गेली.

*

मोहिमेला रबरी होड्या चालवणारी माणसं लागतात. गाव सड्यावर स्थिरावल्यानंतरच्या मोसमात त्या कामासाठी हर्षदने अर्ज केला आणि तो निवडला गेला. शलाकाला हे यादी हातात आल्यावर कळलं.

जानेवारीतल्या एका शांत सकाळी तो तिला आणि मोजमापाची दोन यंत्रं घेऊन थोरलीच्या मुखाकडे निघाला. पाणी काचेसारखं होतं. बर्फाचे तुकडे होडीला घासून किणकिणत मागे जात होते. आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस, पण त्याने होडीचा वेग आपोआप कमी केला. समोर कडा वर वर चढत गेला होता, खाली काळपट निळा आणि माथ्याला इतका पांढरा की डोळे मिटावेत. मधूनच आतून खोल कुठेतरी दणका उठायचा आणि बराच वेळ घुमत राहायचा.

"हीच?" त्याने विचारलं.

"हीच."

कड्यापासून दूर, जिथे तिची बाजू खडकावर उतरते, तिथे होडी लावता येत होती. मापं घ्यायची जागा तीच होती. शलाका यंत्रं उतरवू लागली. उजव्या बाजूचं उचललेलं पोट या वर्षी आणखी थोडं उचललेलं होतं, हे तिला माहीत होतं. तिने ते हर्षदला सकाळीच सांगितलं होतं.

तो खडकावरून चालत बर्फापर्यंत गेला. मग त्याने हातमोजा काढला आणि, देवळात खांबाला हात लावतात तसा, उघडा तळवा थोरलीच्या अंगाला टेकवला. बर्फातले हजारो वर्षांपूर्वीचे हवेचे बुडबुडे उन्हाने फुटत होते आणि त्यांचा बारीक तडतड आवाज येत होता. तो कान देऊन ऐकत राहिला. शलाकाने हातातलं काम थांबवलं, पण ती पुढे गेली नाही.

"खूप केलंस गो बाय आमच्यासाटी," हर्षद म्हणाला. आवाज अगदी हळू होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसा. "आता जावचा असात तर जा. पण दमान जा."